सुलभाने मराठीत जिंकलेली निवडणूक

मीराचा फोन आला तेव्हा मी आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या भाजीच्या दुकानात मेथीची जुडी निवडत उभी होते. मीरा मला सहसा दुपारी फोन करत नाही. ती बॉस्टनला वकिली करते, दिवसभर कोर्टात असते. "विजूमावशी, आर यू ड्रायव्हिंग?" तिने आधी तेवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही गं, भाजी घेतेय. मग ती म्हणाली, "आई इज गॉन. धिस मॉर्निंग. इन हर स्लीप." जुडी माझ्या हातातच राहिली. मागच्या बाईंनी "चालू द्या काकू, घाई नाही" म्हणून मला बाजूला होऊ दिलं. मग मीराच सांगू लागली. बेटावर सकाळीच झेंडा अर्ध्यावर उतरवला होता, शाळा सोडून दिल्या होत्या, कोळ्यांनी होड्या काढल्या नव्हत्या. अकोल्याच्या शाळामास्तरांची मुलगी सुलभा देशमुख गेली म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या एका टिकलीएवढ्या देशाने दुकानं बंद ठेवली होती. हे ऐकताना मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, ओक ट्री रोडवर, भर दुपारी, माझी मान ताठ झाली.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल इथल्या मुलांना काहीच माहीत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सुलभा आणि मी नागपूरला एकाच वसतिगृहात होतो. मी मेडिकलला, ती राज्यशास्त्राला. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की मेसमध्ये तिने वाढप्याला हाक मारली तर फाटकावरचा रखवालदार वळून बघायचा. वादविवाद स्पर्धांना ती जायची आणि ढाल घेऊनच यायची, पण त्याचं तिला फार कौतुक नसे. तिला एकच वेड होतं. लहान देशांचा कारभार कसा चालतो? आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या देशाला स्वतःचं संविधान, स्वतःची संसद, स्वतःचा पंतप्रधान, आणि सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. "तिथे पंतप्रधान खोटं बोलला तर त्याच्या मावशीला कळतं गं विजे," ती म्हणायची, "तरी तो सत्ता सोडत नाही. का सोडत नसेल?" हाच प्रश्न घेऊन ती स्कॉलरशिपवर वॉशिंग्टनला गेली आणि तिथे तिला उत्तराऐवजी नवरा मिळाला. लिओनेल ऑगस्टिन कायद्याचा अभ्यास करत होता, सेंट ओडिल नावाच्या बेटावरून आलेला, कमी बोलणारा आणि हळू हसणारा. तिचे वडील दोन वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. मग लिओनेल एकटाच अकोल्याला गेला, उन्हाळ्यात, आणि आठ दिवस त्यांच्या ओसरीवर त्यांच्याशी ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या कायद्यांवर वाद घालत बसला. नवव्या दिवशी वडिलांनी तिला वॉशिंग्टनला फोन लावला आणि म्हणाले, "माणूस अभ्यासू आहे. ठेचा खाताना रडतो, पण खातो."

लग्नानंतर ती सेंट ओडिलला राहायला गेली. लिओनेलच्या गावी, बेटाच्या वाऱ्याकडच्या बाजूला, कोळ्यांची वस्ती. तिथल्या शाळेत तिने आठ वर्षं शिकवलं. तिथलं नागरिकत्व घेतलं, त्यांची भाषा उचलली, मीरा तिथेच झाली. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि स्वातंत्र्य मिळवून देणारा नेताच पंतप्रधान होता. लोक त्याला प्रेमाने 'चीफ' म्हणत. सुरुवातीला प्रेमाने, नंतर सवयीने, आणि शेवटी घाबरून. मी त्याला एकदाही पाहिलं नाही, पण सुलभाकडून इतकं ऐकलं होतं की समोर आला असता तर ओळखला असता. त्याने आधी रेडिओ स्वतःच्या भाच्याकडे दिला, मग पोलिसप्रमुख बदलला, मग बेटावरचं एकमेव विरोधी वर्तमानपत्र बंद पाडलं. निवडणूक पुढे ढकलली, परत ढकलली. त्या वर्तमानपत्राच्या संपादकाचं वकीलपत्र लिओनेलने घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरावर दगड येऊ लागले. एका दगडाने मीराच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्याच आठवड्यात लिओनेलने दोघींना विमानात बसवलं आणि आमच्याकडे, न्यू जर्सीला, पाठवून दिलं.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. आम्ही एडिसनला नुकतंच घर घेतलं होतं. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत, माझा नवरा श्रीकांत एका इंजिनिअरिंग फर्ममध्ये. सुलभा आणि मीरा आमच्या बेसमेंटमध्ये राहिल्या. दोन महिन्यांसाठी आलेल्या त्या दोघी दीड वर्ष राहिल्या. सुलभा जवळच्या कॉलेजात शिकवायला लागली, आणि दर शनिवारी ट्रेनने ब्रुकलिनला जायची. तिथे फ्लॅटबुश भागात मिस आयव्ही नावाच्या बाईंचं केशकर्तनाचं सलून होतं. मिस आयव्ही सेंट ओडिलच्याच, साठीच्या, भरभक्कम, हातात कायम कंगवा. ब्रुकलिनमध्ये त्यांच्या बेटाची माणसं इतकी होती की अर्धा देश तिकडे आणि अर्धा इकडे म्हटलं तरी चाललं असतं. कुणी इस्पितळात काम करणारं, कुणी बस चालवणारं, कुणी शिंपी. सगळी बातमी त्या सलूनमध्ये यायची आणि सगळे बेत तिथेच ठरायचे. मी एकदा तिच्याबरोबर गेले तर मिस आयव्हींनी माझ्या वेणीकडे बघून विचारलं, हे केस कुठल्या तेलाचे, आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणाल्या, तुमच्या मैत्रिणीला सांगा, नुसती भाषणं करून चीफ जाणार नाही, तो मतांनी जाईल.

मधल्या काळात लिओनेलवर खटला झाला. राजद्रोहाचा! न्यायाधीश चीफचाच. त्याला घरातच कैदेत ठेवलं आणि निवडणूक लढवायला बंदी घातली. सुलभा वॉशिंग्टनला गेली, ओळखी काढून काढून एका मोठ्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात पोचली. तिथल्या तरुण मदतनिसाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमचा नवरा कम्युनिस्ट आहे का?" ती म्हणाली, "नाही. अँग्लिकन आहे." परत आल्यावर हे सांगताना ती इतकी हसली की श्रीकांतही हसला. पण तिला कळून चुकलं होतं की या मोठ्या देशाला तिच्या लहान देशाचं काही पडलेलं नाही. जे करायचं ते आपणच.

आणि मग अचानक चीफनेच निवडणूक जाहीर केली. शेजारची बेटं नाराज होती, कर्ज देणारे अडून बसले होते, आणि त्याला खात्री होती की लिओनेल आत आणि संपादक गप्प असताना त्याला कोण हरवणार. अवघे काही आठवडे मध्ये होते. त्या रविवारी मी पोहे करत होते, आणि सुलभा बेसमेंटमधून वर आली ती नेहमीसारखी हाक मारत नाही, तर जिन्याचा कठडा धरून हळूहळू. म्हणाली, "लिओनेलच्या जागी विरोधी पक्षाने मला उभं राहायला सांगितलंय."

श्रीकांतने चमचा खाली ठेवला. "सुलभा, सिरियसली? तुला आत टाकलं तर? यार, मीराचा विचार कर. एक पेरेंट ऑलरेडी हाउस अरेस्टमध्ये आहे."

"तिचाच करतेय," ती म्हणाली. "तिच्या कपाळावर खूण आहे ना, ती रोज बघते मी."

मीरा तेव्हा दहा वर्षांची. ती टेबलाशी बसून सीरियल खात होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आई, यू शुड गो. यू आर गुड ॲट यलिंग." सुलभाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच बराच वेळ ठेवला. चार दिवसांनी ती गेली. मीरा आमच्याकडे राहिली.

तिथे पोचल्यावर ती दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची. पहिले दोन फोन इंग्रजी-मराठी मिसळून झाले, आपण इकडे बोलतो तसेच. मग एके दिवशी चीफने जाहीर सभेत तिचं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. ते वाक्य ती फक्त माझ्याशी फोनवर बोलली होती. तिचा फोन ऐकला जात होता. पुढच्या वेळी फोन उचलला तर ती म्हणाली, "विजे, आजपासून इंग्रजीचा एक शब्दही नाही. समजलं?" मी म्हटलं, "ओके." ती ओरडली, "हाच तो शब्द!"

मला वाटलं, मराठीत बोलायचं यात काय अवघड? पण दहा-बारा वर्षं अमेरिकेत काढल्यावर आमची मराठी म्हणजे प्लेन कॅन्सल केलं, चर्चमध्ये मीटिंग आहे, बोटची अरेंजमेंट झाली... क्रियापदं तेवढी आपली. आता एकेका शब्दासाठी अडायला व्हायचं. चार्टर प्लेनला काय म्हणायचं, पासपोर्टला काय म्हणायचं? पारपत्र हा शब्द मला आठवेना, तर पलीकडून ती चिडून म्हणाली, "अगं, ते निळं चोपडं!" आणि माणसांची, गावांची नावं घेता येत नव्हती, म्हणून त्यांनाही मराठी नावं पडली. चीफ झाला 'सासरेबुवा'. मिस आयव्ही झाल्या 'फणीवाल्या आत्या'. पोलिस झाले 'भावकी'. ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी लग्नाची धांदल चालली आहे. मी बोलत असले की श्रीकांत समोर उभा राहून अडलेले शब्द पुरवायचा. माझ्या आयुष्यात इतकं शुद्ध मराठी मी ना आधी बोलले, ना नंतर.

आणि बोलायला विषयही तसाच होता. सेंट ओडिलच्या कायद्यात परदेशी राहणाऱ्याला मत देता येत असे, पण स्वतः हजर राहून. वाऱ्याकडच्या त्या मतदारसंघातली निम्मी तरणीताठी माणसं ब्रुकलिनमध्ये होती. मतदारसंघ इतका लहान की एक विमानभर लोक जाऊन उतरले तर निकाल फिरेल, आणि संसद इतकी लहान की एक जागा फिरली तर सरकार. हे गणित मिस आयव्हींनी कुणाचे तरी केस विंचरता विंचरता मांडलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या चर्चच्या पाद्र्यांनी मिळून एक अख्खं विमान भाड्याने ठरवलं. लोकांनी पदरचे पैसे घातले, रजा काढल्या, एका बाईने तर नोकरीच सोडली. फोनवर या विमानभर माणसांना आम्ही म्हणत होतो 'वऱ्हाड'. "वऱ्हाड कधी निघतंय?" "वऱ्हाड तयार आहे." वऱ्हाडातल्याच मुलीने हा शब्द शोधला, यात नवल ते काय.

हे सगळं आमच्या मराठी मंडळींत कळलं तेव्हा दोन तट पडले. काहीजण म्हणाले, परक्या देशाचं राजकारण, आपल्याला काय करायचंय, उद्या ग्रीन कार्डाला धक्का लागला तर? श्रीकांतही आधी त्यांच्यातलाच. पण मीरा रोज रात्री झोपताना त्याला विचारायची, "काका, इज शी विनिंग?" आणि तो रोज "येस" म्हणायचा. आठवड्याभराने तो मला म्हणाला, "रोज तिला खोटं सांगण्यापेक्षा खरं करूया." मग त्यानेच मंडळातल्या बायकांना फोन केले. एका शनिवारी सकाळी आमच्या घरी आठ जणी जमल्या, आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि लिंबाचं लोणचं असे विमानभर माणसांचे डबे बांधायला बसल्या. हातांना तेल, तोंडाने सल्ले. "त्यांना आपलं तिखट झेपेल का हो?" कुणीतरी विचारलं. मी मिस आयव्हींची मिरचीची चटणी खाल्लेली होती. म्हटलं, काळजी आपण आपली करावी.

तिकडे सुलभा दारोदार फिरत होती. चीफ सभांमधून तिला 'परदेशी नवरी' म्हणायचा. आपल्या देशावर बाहेरच्या बाईने राज्य करायचं का, असं विचारायचा. टाळ्याही पडायच्या. मग एका सभेत, मासळीबाजारात, एका लाकडी खोक्यावर उभी राहून ती त्यांच्याच बोलीत म्हणाली, "हो, मी या घरची सून आहे. आणि कुठल्या डब्यात काय लपवून ठेवलंय, ते घरात सगळ्यांत चांगलं सुनेलाच माहीत असतं." म्हणतात, त्या दिवशी मासे विकणाऱ्या बायकांनी टोपल्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून चीफने 'नवरी' हा शब्द सोडला.

विमान रविवारी निघायचं, मतदान सोमवारी. शनिवारी, आमच्या पुऱ्या तळून होत होत्या तेवढ्यात, फोन वाजला. तेलाच्या हातानेच मी उचलला. सुलभाचा आवाज वेगळाच होता, आणि ती बोलली ती आपली पुस्तकी मराठीही नाही. चीफने कुणीतरी भारतीय माणूस आणून बसवलाय फोन ऐकायला, अशी कुणकुण तिला लागली होती. त्यामुळे ती थेट आजीच्या बोलीत उतरली.

"विजे, काय सांगू वं... सासऱ्यानं आंगन खंदून ठेवलं. पाखरू बसत नाही आता. शेजारनीच्या घरी उतरव वऱ्हाड. तिथून पान्यातून आनतो आमी. समजलं का वं?"

माझं आजोळ मूर्तिजापूरचं. मला समजलं. धावपट्टी खणली होती! दुरुस्तीच्या नावाखाली चीफने मतदानाच्या दोन दिवस आधी देशाचा एकमेव विमानतळ बंद केला होता. विमान शेजारच्या बेटावर उतरवायचं आणि तिथून होड्यांनी माणसं आणायची. मी एवढंच विचारलं, "पान्यातून... सगळ्यायले?" ती म्हणाली, "सगळ्यायले. कोनी राह्यलं नाही पाह्यजे." आणि फोन तुटला.

त्या दुपारी मिस आयव्हींच्या सलूनमधून विमान कंपनीला, शेजारच्या बेटाला, पाद्र्यांना, कुणाकुणाला फोन गेले. शेजारच्या बेटाच्या सरकारचं आणि चीफचं मुळातच जमत नव्हतं. त्यांनी उतरायला हरकत घेतली नाही. रविवारी सकाळी श्रीकांत मंडळातल्या एकाची मोठी व्हॅन घेऊन डबे पोचवायला न्यूयॉर्कच्या विमानतळावर गेला, मी आणि मीराही गेलो. सगळी माणसं चर्चला जावं तशी नटून आली होती. बायकांच्या डोक्यावर हॅट, पुरुषांना टाय. मिस आयव्ही एका खुर्चीवर चढल्या आणि सगळ्यांना सांगितलं की विमान आपल्या घरी उतरणार नाही, पुढे उघड्या समुद्रातून मासेमारीच्या होड्यांनी जायचं आहे, वारा आहे, लाटा आहेत, आणि किनाऱ्यावर पोलिसही असतील. ज्यांना भीती वाटते त्यांनी आत्ताच परत जावं, कुणी काही म्हणणार नाही. कुणी हललं नाही... मग मागून एक म्हातारे शिंपी, काठी टेकत उभे असलेले, म्हणाले, "मॅडम, माझा जन्मच होडीत झालाय. दार उघडा." आणि सगळा घोळका हसत, गात, विमानाकडे निघाला. मीराने प्रत्येकाच्या हातात डबा दिला. ती प्रत्येकाला एकच सांगत होती, "दॅट्स माय मॉम यू आर व्होटिंग फॉर."

पुढचं मी पाहिलं नाही, मिस आयव्हींनी सांगितलं ते सांगते. सोमवारी पहाटे, उजाडता उजाडता, होड्या वाऱ्याकडच्या किनाऱ्याला लागल्या. माणसं भिजलेली, हॅटा वाकड्या, निम्म्यांनी लाटांत पुऱ्या बाहेर काढलेल्या. किनाऱ्यावर एक सार्जंट आणि त्याची माणसं बंदुका घेऊन उभी. हुकूम होता की कुणाला उतरू द्यायचं नाही. सार्जंटने हात वर करून थांबायला सांगितलं. आणि तेवढ्यात दुसऱ्या होडीतून एक बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, बूट हातात घेतले आणि सरळ त्याच्या दिशेने चालत निघाल्या. त्या त्याच्या आई होत्या. बारा वर्षं ब्रुकलिनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करून त्यांनीच त्याला शिकवलेलं, आणि या वर्षांत तो त्यांना पहिल्यांदा बघत होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, त्याचा गणवेश नीट केला आणि म्हणाल्या, "छान दिसतोस. आता बाजूला हो, मला मत द्यायचंय." तो बाजूला झाला. सुलभा शाळेच्या दारात उभी होती, जिथे तिने आठ वर्षं शिकवलं होतं आणि जिथे आता मतपेटी ठेवली होती. ओले कपडे टपकत माणसांची रांग तिच्याकडे चालत येताना तिने पाहिली आणि ती शाळेच्या पायऱ्या उतरून त्यांना सामोरी गेली, असं मिस आयव्ही म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी मी लॅबमध्ये स्लाइड बघत होते. रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली, परदेशचा फोन आहे. मी धावत गेले. लाइनवर आधी नुसता गोंगाट, ढोल, घंटा, आणि मग त्या सगळ्याच्या वर तो आवाज, नागपूरच्या मेसमधला.

"विजे! लग्न लागलं! वऱ्हाड जिंकलं!"

मी काय बोलले मला आठवत नाही. तिची जागा थोडक्या मतांनी आली होती आणि त्या एका जागेने सरकार फिरलं होतं. मग तिने एकदम आवाज उतरवला आणि शांत, स्वच्छ इंग्रजीत, माझ्याशी नव्हे, त्या तारेवर कान लावून बसलेल्यांशी बोलली: "सभ्य गृहस्थहो, आता तुम्ही घरी गेलात तरी चालेल." मी त्या काउंटरवर डोकं ठेवून हसले आणि रडले. दुपारपर्यंत चीफने रेडिओवरून पराभव मान्य केला. त्याच्या भाच्याच्याच रेडिओवरून! संध्याकाळी लिओनेलच्या फाटकावरचा पहारेकरी कुलूप काढून, सलाम करून, निघून गेला. मीराला शाळेतून आणायला मी स्वतः गेले. ती गाडीत बसली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "काका वॉज राइट." मग खिडकीची काच खाली करून एडिसनच्या त्या शांत रस्त्यावर ती अशी ओरडली, की तिच्या आईचा आवाज कुठे गेला ते मला कळलं.

सुलभा नव्या सरकारात शिक्षण आणि आरोग्य मंत्री झाली. पहिल्याच वर्षी ती वॉशिंग्टनला आली, आणि त्याच लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातल्या त्याच मदतनिसाने तिच्यासाठी दार उघडून धरलं. तिने त्याला विचारलं, "माझ्या नवऱ्याचा धर्म आठवतो का?" काम आटोपून तिला हॉटेलात उतरायचं होतं, पण ती आमच्याकडे आली आणि बेसमेंटमध्ये तिच्या जुन्या पलंगावर झोपली. चहा घेताना तिने सांगितलेली गोष्ट ऐकून आम्ही गारच पडलो. मंत्री झाल्यावर तिच्या कार्यालयात एक कापड दुकानदार भेटायला आले. लालवानी. बेटावर त्यांचं दुकान वर्षानुवर्षं होतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि अस्खलित मराठीत म्हणाले, "ताई, मी उल्हासनगरचा. शाळा कल्याणला झाली." चीफने फोन ऐकायला बसवलेला भारतीय माणूस म्हणजे हेच! सासरेबुवा, फणीवाल्या आत्या, वऱ्हाड, सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. आणि रोज ते पोलिसांना सांगत होते, साहेब, ही भाषा माझी नाही, पण बायका कसल्यातरी लग्नाबद्दल बोलतायत. पकडले गेले असते तर दुकान, घर, सगळं गेलं असतं. सुलभाने विचारलं, "का केलंत तुम्ही हे?" ते म्हणाले, "इतकी वर्षं इथे राहून एक बाई मराठीत भांडताना ऐकली, बरं वाटलं. शिवाय माझी मुलं तुमच्याच शाळेत होती." मग जाता जाता हसून म्हणाले, "फक्त शेवटचा फोन मला खरंच कळला नाही, ताई. त्या दिवशी मला खोटं बोलावंच लागलं नाही."

तिने बेटावर गावोगावी दवाखाने काढले, वाऱ्याकडच्या बाजूला मोठी शाळा बांधली. पुढे एक निवडणूक ती हरलीही. चीफच्याच पक्षाच्या एका तरुण माणसाने तिला हरवलं, आणि ती त्याच संध्याकाळी मंत्रालयाच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवून, त्याला चहा पाजून घरी गेली. मी हळहळले तर फोनवर मला म्हणाली, "वेडी आहेस का? किल्ल्या मागितल्या आणि मी दिल्या. पोलिस नाही, दगड नाही. याच्यासाठीच तर होड्या आणल्या होत्या." पुढच्या वेळी ती पुन्हा निवडून आली, आणि शेवटी थकून तिने आपणहून सोडलं.

परवा मीरा मला भेटायला आली होती. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागले आहेत. आईच्या स्मरणार्थ बेटाच्या संसदेत जे खास अधिवेशन झालं, त्याचं रेडिओवरचं रेकॉर्डिंग तिने आणलं होतं. आम्ही स्वयंपाकघरात बसून ऐकलं. सभापतींनी विरोधी पक्षनेत्याचं नाव पुकारलं. तोच माणूस, तिला हरवलेला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, घसा खाकरल्याचा आला, आणि मग त्या बेटाच्या इंग्रजीत भाषण सुरू करण्याआधी तो एक शब्द बोलला.

"बरं."

मी मीराकडे बघितलं. ती हसत होती. "दे ऑल डू इट, मावशी," ती म्हणाली. सुलभा संसदेत उत्तर द्यायला उभी राहिली की आधी, स्वतःशीच, "बरं" म्हणायची आणि मगच बोलायची. वर्षानुवर्षं. आधी तिच्या पक्षातल्यांना ती लकब लागली, मग समोरच्यांना. आता त्या सभागृहात कुणीही उभं राहिलं की ते म्हणतं. त्यातल्या निम्म्यांना हा शब्द कुठल्या भाषेतला हेही माहीत नाही, त्यांना वाटतं, संसदेत असंच बोलायला सुरुवात करतात. मीराने रेकॉर्डिंग पुढे चालू ठेवलं. पंतप्रधान उठले, मग एक तरुण मंत्रीण, मग वाऱ्याकडच्या मतदारसंघाचा नवा सभासद. एकेक खुर्ची सरकत होती, आणि दर वेळी ते भाषण सुरू होण्याआधी आम्ही दोघी चहाचे कप हातात धरून वाट बघत होतो... बरं. बरं. बरं.